सातबोडीच्या दुर्बिणीचं भिंग

१

सातबोडीच्या शाळेतली दुर्बीण आंधळी झाली, ही बातमी त्या दिवशी घरोघरी दिवे लागायच्या आत गावभर पसरली.

साल त्रेपन्न. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे, आणि पोंभुर्ण्याहून सातबोडीला यायचं तर बैलगाडीत अर्धा दिवस जायचा. अशा गावात दुर्बीण आली होती. जंगल खात्यातले एक म्हातारे साहेब नोकरी संपवून नागपूरला गेले, तेव्हा जाताना त्यांनी ती शाळेला दिली. पितळी नळी, तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायची. सोबत त्यांच्या हातची चिठ्ठी होती: ‘ही वस्तू पोरांची आहे. शाळेच्या आवाराबाहेर कुणीही, कोणत्याही कारणानं नेऊ नये.’ वैशाखात अख्ख्या गावानं रांग लावून शनीची कडी पाहिली. मग पाऊस लागला आणि दुर्बीण पेटीत गेली.

आता मार्गशीर्षात आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. ते साहेब परवा नागपूरहून येणार, त्यांना गुरूचे चंद्र दाखवायचे, म्हणून भैयाजी मास्तरांनी पेटी उघडली, नळी चंद्राकडे वळवली आणि डोळा लावला. चंद्र दिसला तो ताकात बुडवून काढल्यासारखा. ना एक खड्डा, ना एक डोंगर.

“भिंग बदललंय!” मास्तर ओरडले. “अस्सल काढून कुणीतरी साधी काच बसवली आहे!”

अंगणात तीसेक माणसं होती. पेटीची किल्ली शाळेचा शिपाई पोचू याच्याकडे असे. शाळा समितीचे अध्यक्ष गुणवंतराव, गावाचे मालगुजार, तिथंच उभे होते. मालगुजारी कायद्यानं गेली होती, आवाजातून गेली नव्हती.

“पोचू, किल्ली तुह्याजवळ. दुसऱ्याचा हात लागतेच कसा?”

“मी भिंगाले हात नाई लावला, मालक.”

“उद्या दिवस बुडेपर्यंत भिंग आणून ठेव. नाई तं तुह्यं नाव पोंभुर्ण्याच्या ठाण्यात जाईन.”

एकदा नाव ठाण्यात गेलं की काय होतं, हे पोचूच्या टोल्यातल्या, गावाबाहेरच्या त्या गोंडवस्तीतल्या, लेकरांनाही ठाऊक होतं. दहा कोसांवर कोंबडी चोरीला गेली तरी पोलीस आधी त्या गोंडाच्या दाराशी यायचे. नोकरी जायची ती वेगळीच.

पोचूची बायको बुधरी तिथून जी निघाली ती थेट धुरपताबाईंच्या दारात येऊन उभी राहिली.

“अमीनबाई,” ती म्हणाली, “माह्या नवऱ्यानं चोरी नाई केली. पण तो काईतरी लपवून राह्यला. मले पण सांगत नाई.”

२

गावात त्यांना अमीनबाई म्हणत. नवरा सर्व्हे खात्यात अमीन, म्हणजे मोजणीदार, होता. लग्नानंतर अठरा वर्षं बाईंचा संसार तंबूत झाला. अहेरी, सिरोंचा, जिथं जिथं रान मोजायचं तिथं. नवऱ्याच्या मोजणीच्या यंत्रावर छोटी दुर्बीण असायची. दिवसभर ती धूळ खायची आणि संध्याकाळी ती पुसायचं काम बाईंचं. नवरा गेला, बाई सातबोडीला राहिल्या, शाळेत मुलींना शिवण शिकवू लागल्या. पण यंत्राची पारख हातातून गेली नाही.

त्या लगेच उठल्या. अंगणात आता मास्तर एकटेच डोकं धरून बसले होते.

“मले पाहू द्या,” बाई म्हणाल्या.

“काय पाहणार बाई? अहो, शंभर पट मोठं दाखवणारी होती ही!”

“मोठं तं कोणीही दाखवते. साफ दाखवते काय, ते पाहा लागते.”

त्यांनी आधी नळीला बोटानं हलकी टिचकी मारली. चंद्र थरथरला आणि तीन मोजेपर्यंत स्थिर झाला. म्हणजे तिकाटणं ठीक. मग चंद्राची कड पाहिली. बराच वेळ पाहिली. मग नळी रोहिणीकडे वळवली आणि मागची नळी हळूहळू आतबाहेर करत राहिल्या. चांगल्या भिंगात चांदणी शेवटी सुईच्या टोकाएवढी होते. इथं ती होईना. कुठंही थांबवा, भिजल्या कापसाचा बोळा.

“झाली खात्री?” मास्तर म्हणाले. “साधी काच आहे.”

बाईंनी नळी पुन्हा चंद्राकडे वळवली. साधी एकेरी काच असती तर चंद्राच्या कडेला जांभळी-निळी झालर दिसली असती. ती जावी म्हणून तर चांगल्या दुर्बिणीत दोन वेगवेगळ्या काचा जोडून भिंग करतात. इथं चंद्र धुरकट होता, पण त्याच्या कडेला रंग नव्हता.

“मास्तर, कंदील आणा.”

त्यांनी कंदील नळीच्या तोंडासमोर धरला आणि तिरप्या नजरेनं काचेत डोकावल्या. एकेरी काचेत ज्योतीची दोन प्रतिबिंबं पडतात, एक पुढच्या अंगाचं, एक मागच्या. बाईंनी दोन मोजली. मग श्वास रोखून पाहिलं. दोन्हींच्या मधोमध, अगदी पुसट, तिसरी ज्योत होती. दोन काचांचा सांधा.

भिंग अस्सल होतं. चोरी झालीच नव्हती.

मग त्यांनी एक पोस्टकार्ड मागितलं आणि त्याची कड नळीच्या तोंडातल्या भिंगाला हलकेच टेकवली. काच जवळजवळ सपाट लागली. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“काय आहे?” मास्तरांनी विचारलं.

“काई नाई,” बाई म्हणाल्या. “उद्या सांगतो.”

मास्तरांना सांगायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण ही नळी कुणीतरी उघडली होती आणि ते कुणी कबूल करत नव्हतं. कोण ते कळेपर्यंत सातबोडीत एकाही माणसावर भरवसा टाकायचा नाही, मास्तरांवरही नाही, असं त्यांनी ठरवलं.

३

सकाळी बाई टोल्यावर गेल्या. पोचू अंगणात टोपली विणत बसला होता. बाईंना पाहून उठला, बाज झटकली, पण नजर वर केली नाही.

“पोचू, भिंग कोणी उघडलं?”

“मले माहीत नाई.”

“तू उघडलं?”

“नाई. त्या काचेची मले भेवच वाटते, बाई. आपण तिच्यात पाहतो तं तेही आपल्याले पाहत असंन.”

“पितळ कोणी घासलं? वैशाखात काळवंडलं होतं. काल चकचकीत होतं.”

“मीच घासलं. चिचेनं. वरून वरून.” तो थांबला. “बाकी मले विचारू नका.”

“काऊन?”

“शबूद देल्ला हाय.”

“कोणाले?”

पोचूनं टोपलीची कामटी पुन्हा हातात घेतली. बुधरी दारातून कडाडली, “ज्याले शबूद देल्ला तो येईन काय तुले सोडवाले? सांगून टाक ना!”

“त्यानं सोडलं तं मी बोलीन,” पोचू म्हणाला. “मी आपल्या मनानं नाई सोडत.”

बाई परत फिरल्या. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ठाण्याची धमकी मिळूनही पोचू ज्याच्या शब्दाला चिकटून बसतो, असा माणूस गावात कोण? दोस्त असेल, किंवा ज्याच्यापुढे नाही म्हणता येत नाही असा कुणी.

त्या शाळेच्या फाटकात पोचतात तोच आतून गलका ऐकू आला. मास्तर कुणाचंतरी मनगट धरून ओरडत होते, “सापडला! चोर मुद्देमालासकट सापडला!”

४

मनगट देवाजीचं होतं. देवाजी घड्याळं आणि चष्मे दुरुस्त करत बाजार-बाजार फिरायचा. त्या दिवशी सातबोडीचा बाजार होता. मास्तरांना आठवलं की दिवाळीनंतर देवाजी शाळेचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला आला होता आणि तासभर एकटाच खोलीत होता. त्यांनी त्याला बाजारातून शाळेत आणून त्याची पिशवी उलटी केली. तिच्यातून जाड, गोल, घसघशीत भिंग घरंगळलं.

“हे काय आहे?”

“काच आहे. तुम्हाले काय रसगुल्ला वाटला?” देवाजी हात सोडवून घेत म्हणाला. “पोंभुर्ण्याच्या एका म्हाताऱ्याची आहे. पोथी वाचाची.”

“आणि पोचू तुझा साथीदार!”

“पोचू मले पाणी पण नाई पाजत, म्हणते घड्याळवाल्याले तहान वेळेवर लागली पाह्यजे!”

गर्दीत हशा पिकला. बाईंनी ते भिंग उचललं, वर्गात अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि काडी ओढून समोर धरली. दोनच ज्योती. शिवाय रुंदीला ते दुर्बिणीच्या तोंडापेक्षा दोन बोटं कमी.

“हे त्यातलं नाई, मास्तर. द्या त्याचं त्याले.”

मास्तर पडेल चेहऱ्यानं निघून गेले. बाईंनी मात्र देवाजीला थांबवून घेतलं. “तुह्या चिमट्यानं नळीच्या तोंडाची, भिंग आवळून धरणारी चकती फिरते काय पाहा. काचेले बोट नको लावू.”

देवाजीनं चकती दोन आटे फिरवली आणि थबकला.

“बाई, ही नवीन उघडलेली आहे. जुनी राह्यती तं करकरली असती. अन् हे पाहा.”

आट्यांच्या खाचांत तांबडी भुकटी अडकली होती. बाईंनी नखावर घेतली. कुंकू.

“अन् तेल केवढं हे!” देवाजी नाक मुरडत म्हणाला. “आमच्या कामाले काडीच्या टोकावर बसन एवढंच तेल लागते. हे तं कोणी म्हशीच्या शिंगाले लावावं तसं चोपडलं.”

बाईंनी बोट नाकाशी नेलं. एरंडीचं नाही, जवसाचं नाही, मशीनचंही नाही. तो वास त्यांना ओळखीचा होता. तंबूच्या दाराशी रात्रपाळीचा चौकीदार बसायचा, वाघाच्या भीतीनं, आणि त्याच्या मांडीवरच्या वस्तूला हाच वास यायचा.

त्यांनी बोट पदराला पुसलं आणि देवाजीला म्हणाल्या, “चकती होती तशी बसव. अन् बाजारात तोंड बंद ठेव.”

“चोर भेटला काय?”

“चोर नाईच आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणून तं जास्त भेव वाटते.”

५

मास्तर वर्गात एकटे बसले होते. बाईंनी सरळ विचारलं, “खंडेनवमीले शाळेत पूजा झाली?”

“झाली की. दरवर्षी होते.”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपापल्या कामाची हत्यारं आणि अवजारं घासूनपुसून पुजायची, हे तिकडे घरोघरी. लोहाराचा हातोडा, शेतकऱ्याचा नांगर, बाईंचं शिवणयंत्र. शाळेतही असायचं.

“काय काय पुजलं?”

“पृथ्वीचा गोल, तराजू, बाजाची पेटी, भिंतीवरचं घड्याळ.”

“दुर्बीण?”

“नाही. मी मागितली होती. पोचू म्हणाला, किल्ली घरी राहिली. मी म्हटलं जाऊ दे.”

बाईंनी मनात हिशेब जुळवला. कुंकू खंडेनवमीचं. पण शाळेच्या पूजेत दुर्बीण नव्हती. मग पोचूनं किल्लीची सबब सांगितली ती पेटी रिकामी होती म्हणून. दुर्बीण त्या दिवशी दुसऱ्याच पूजेत बसली होती, आणि तिथं पुजणाऱ्याच्या हाताला बंदुकीचं तेल होतं.

सातबोडीत परवान्याच्या बंदुका एकाच घरात होत्या.

गुणवंतराव ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. भिंतीवर दोन बंदुका, खाली एक तलवार. तिन्हींवर कुंकवाची बोटं अजून पुसट दिसत होती.

“या बाई. सापडलं काय भिंग?”

“सापडल्यासारखं आहे.” बाई पाटावर बसल्या. “बंदुका झकास ठेवल्या तुम्ही. कोण साफ करते?”

मालकांची छाती फुगली. “दुसऱ्याच्या हाती देतो काय? खंडेनवमीले मी स्वतः बसतो. पुरी सुटी करतो. एक एक पुरजा काढा, फडक्यानं पुसा, तेल द्या, पुन्हा बसवा. तीस वर्षं झाले. डोळे बांधले तरी बसवून दाखवतो.”

“अन् एखादा पुरजा उलटा बसला तं?”

“बंदुकीत?” ते मोठ्यानं हसले. “बंदुकीत उलटा बसतच नाई! तिचं घडणंच तसं असते. प्रत्येक पुरजा एकाच अंगानं...”

हसू मधेच विझलं. झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली.

“भिंग मात्र दोन्ही अंगांनी बसते, मालक,” बाई हळूच म्हणाल्या.

गुणवंतराव बंदुकांकडे पाहत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, “तुम्ही काय सांगू पाहता?”

“इथी नाई सांगत. दिवस बुडायच्या आधी शाळेत या. तुम्हीच तशी वेळ बांधून देल्ली होती.”

फाटकाबाहेर पडून बाई झपाझप शाळेकडे निघाल्या. शाळा समिती या माणसाच्या मुठीत होती आणि त्यांची शिवणाची नोकरी त्या समितीच्या. तो आलाच नाही तर? पोचूचं नाव घेऊन गडी थेट ठाण्याकडे रवाना केला तर?

६

सूर्य रानाआड गेला तेव्हा अंगणात कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. पोचू खांबाजवळ उभा, मागे बुधरी. गुणवंतराव आले ते सर्वांत शेवटी, आणि कोणाशी न बोलता खुर्चीवर बसले.

बाईंनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं. देवाजीनं चकती फिरवून काढली. बाईंनी धुतल्या हातानं, कडेला धरून भिंग बाहेर घेतलं.

“पाहा सगळे. दोन काचा एकाले एक चिकटलेल्या. हेच साहेबाचं भिंग आहे. कोणी नेलं नाई, कोणी बदललं नाई.”

कुजबुज उठली. मास्तर उठून जवळ आले.

“याचं एक अंग फुगीर, एक सपाट. फुगीर अंग आभाळाकडे राह्यलं पाह्यजे. हे सपाट अंगानं बसवलं होतं. तेवढ्यानं चांदणीचा कापूस झाला.” त्यांनी भिंग पलटवलं, नळीतल्या त्याच्या जागी ठेवलं, चकती आवळली. “ज्यानं काढलं त्यानं पुसाले काढलं, देवासमोर ठेवाले काढलं. वाईट मनानं नाई.”

“पण कोणी?” मास्तर म्हणाले.

पूर्वेला गुरू चांगला हात-दीड हात वर आला होता. बाईंनी नळी तिकडे धरली आणि मास्तरांना खूण केली. मास्तरांनी डोळा लावला.

“अरे देवा,” ते म्हणाले. “पट्टे दिसतात. आणि चंद्र... एक... दोन... तीन एकीकडे, आणि पलीकडे चौथा! सुईनं टोचल्यासारखे!”

माणसं उठून पुढं सरकली. तेवढ्यात गुणवंतराव बाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “झाली ना नीट? साहेब येऊन खूश होईल. आता विषय बंद करा. पोचूले मी काई करत नाई.”

बाईंनी पितळी झाकण उचललं आणि दुर्बिणीच्या तोंडावर बसवलं. गुरू गेला. रांग जागच्या जागी थांबली.

“दुर्बीण नीट झाली, मालक,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “पोचूचं नाव नाई झालं. ते याच अंगणात खराब झालं, याच लोकांसमोर.”

“बाई, तुम्ही या शाळेत नोकरी करता.”

“करतो ना. म्हणूनच झाकण माह्या हातात आहे.”

गुणवंतरावांनी पोचूकडे पाहिलं. पोचू जमिनीकडे पाहत होता. सबंध दिवसात, ठाण्याच्या भीतीतही, त्यानं एक शब्द फोडला नव्हता, हे मालकांना त्या क्षणी उमगलं असावं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगाळली.

“मी नेली होती,” ते म्हणाले. “खंडेनवमीले. वाटलं, बंदुकांच्या रांगेत एवढी मोठी चीज शोभून दिसन. पोचूच्याच खांद्यावर नेली अन् त्यालेच वापस ठेवाले लावली. साहेबाच्या चिठ्ठीत मनाई होती, म्हणून त्याच्याकडून शबूद घेतला. उघडली मी. पुसली मी. काल मास्तर चोरी म्हणाले तं मलेही चोरीच वाटली, देवाशपथ. पण आज बाईनं उलट्या पुरज्याचं विचारलं तेव्हा ध्यानात आलं, अन् तरी मी गप्प बसलो.” ते पोचूकडे वळले. “पोचू, मी तुले शब्दातून मोकळा केला. साहेब आला की त्यालेही मीच सांगीन.”

पोचूनं मान वर केली. बुधरीनं त्याला कोपरानं ढोसलं, “आता बोल ना!”

“आता काय बोलू?” पोचू म्हणाला. “सगळं तं त्याहीनंच सांगितलं.”

पहिल्यांदा देवाजी हसला, मग अंगण हसलं.

बाईंनी झाकण काढलं. मालक सवयीनं पुढे झाले. सातबोडीत पहिला मान त्यांचाच असायचा. बाईंनी हात आडवा केला.

“आधी पोचू.”

पोचू आला, वाकला, एक डोळा तळहातानं झाकला. काचेचं भेव वाटतं म्हणणारा तो माणूस हळूहळू नळीला असा बिलगला की हलेचना. रांग लांबली. पोरं चुळबुळू लागली. गुणवंतराव त्याच्यामागे, टोपी हातात घेऊन, थंडीत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे होते.

“झालं काय रे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“थांबा जी, मालक,” पोचू डोळा न काढता म्हणाला. “माह्यं पाहणं झालं नाई.”

आणि मालक थांबले.